पाऊस पडल्यावर ये

आमच्या चर्चला घंटा नव्हती. दारापुढच्या लिंबाच्या फांदीला आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. रविवारी सकाळी आजी त्याच्यावर पहारीच्या टोकानं ठोके घालायची. चर्च म्हणजे तरी काय, मातीच्या भिंती, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि समोरच्या भिंतीला चुन्यानं काढलेला एक क्रूस. गाव नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या शिवेवरचं, मुरमाड, कोरडवाहू. ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे आमच्यापासून बैलगाडीच्या अंतरावर, त्यामुळे गाव सगळं माळकरी. आणि गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडे, आमची तेवीस घरं ख्रिस्ती.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि जायचे. बाकीच्या रविवारी उपासना बाबाच चालवायचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शिवाय मंडळीचे ‘वडील’. आमच्यात मंडळीचं काम बघणाऱ्या पुढाऱ्याला वडील म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील मंडळीचे वडील असतात.

शाळेत पोरं भांडणात आम्हांला ‘दुष्काळी किरिस्ताव’ म्हणायची. शिवी अशी होती की तिचा अर्थ कळत नव्हता, पण लागायची. मी एकदा आजीला विचारलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “खोटं न्हाई ते. म्हननाऱ्याला म्हनू दे.” आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. त्या वेळी एवढंच.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. आधीची दोन वर्षं ओढाताणीतच गेली होती. त्या साली मृग गेला, आर्द्रा गेली, पोळा बिनपावसाचा झाला. विहिरींचे तळ दिसायला लागले. आमच्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. विहीर चाळीस-पन्नास फूट खणायची, वर मुरमात झिरपलेलं पाणी साठवायचं, आणि ते संपलं की खाली नुसता दगड. दिवाळीपर्यंत गावातली मोठी बारवही कोरडी पडली. माणसं जनावरं घेऊन बाजाराला जायची आणि न विकताच परत यायची. काही जण परत आणायचीसुद्धा नाहीत. बाजाराच्या वाटेवर सोडून दिलेल्या बैलांचे सांगाडे मी पाहिलेत.

सरकारी कामं निघाली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली ती याच कामांच्या अनुभवातून. बाया, बाप्ये, पोरंसोरं सगळे खडी फोडायला. ज्या पाटलाच्या वाड्यातल्या बाया कधी उंबऱ्याबाहेर दिसल्या नव्हत्या, त्यांच्याही हाताला फोड आले. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडायची. कामावर सुकडी वाटत. आम्हां पोरांना ती गोड लागायची. दुष्काळातली माझी सगळ्यात चांगली आठवण सुकडीची आहे, हे सांगायला आता जरा लाज वाटते.

चर्चचा या सगळ्याशी संबंध आला तो पाण्यावरून.

१९७३ च्या सुरुवातीला एक दिवस धुरळा उडवत मोठं बोरिंगचं यंत्र गावात आलं. मिशननं आणलेलं. तेव्हा काळ्या पाषाणात भोक पाडणारी यंत्रं आपल्याकडे फार नव्हती, आणि मराठवाड्यात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं, इकडे सोलापूरला मिशनच्या लोकांनी या कामात आधीच हात घातला होता. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्हांला एवढंच दिसलं की एक राक्षस आलाय, तो दोन दिवस आणि दोन रात्री थरथरतोय, आणि आजीच्या फडताळातली पितळी भांडी वाजताहेत.

भोक चर्चच्या आवारातच का पाडलं, यावर पुढं बरंच राजकारण झालं. गावकऱ्यांचं म्हणणं, बोर मारुतीच्या पारापाशी व्हायला हवी होती. जागा यंत्राबरोबर आलेल्या माणसानं ओढ्याचा उतार बघून ठरवली होती, आणि मारुतीच्या पारापर्यंत ते यंत्र गल्लीतून जातही नव्हतं. पण हे कोण ऐकतो? आधी भोकातून करडी कोरडी धूळ उडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी धूळ ओली झाली, मग चिखल यायला लागला, आणि मग एकदम पाण्याचा फवारा लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. सगळं गाव भिजायला धावलं. माळकरी, किरिस्ताव, सगळे. पाटलांची दोन पोरं माझ्या अंगावर पाणी उडवत होती.

मग त्याच्यावर हापसा बसला आणि दुसऱ्याच सकाळपासून प्रश्न सुरू झाले.

ज्यांना गावगाडा माहीत नाही त्यांना सांगायला हवं. आमची माणसं ख्रिस्ती झाली ती महारवाड्यातून. धर्म बदलला तरी विहीर बदलली नव्हती. माझ्या आईच्या तरुणपणापर्यंत आमच्या बाया बारवेच्या पायरीखाली घागर ठेवून बसून राहायच्या, कुणी सवर्ण बाई येऊन वरून पाणी ओतील तेव्हा घ्यायचं. तासन्‌तास. कायदा आला, काळ बदलला, पण पाय बारवेच्या पायरीवर चढायला कचरायचेच. आणि आता पाणी होतं आमच्या अंगणात, आणि घागरी घेऊन उभी होती वरली आळी.

मंडळीतल्या काही जणांना वाटलं, देवानं न्याय केला. माझे एक चुलते तर उघड म्हणाले, “बसू द्या आता त्यांना पायरीखाली.” माझी आई काही बोलली नाही, पण मला माहीत आहे, तिलाही तसंच वाटत होतं. बाबांनी शाळेतला फळा आणून लिंबाला टेकवला आणि त्यावर लिहिलं: रांग एकच. ज्याची घागर त्यानं भरावी. फळ्याचा उपयोग फारसा नव्हता, निम्म्या रांगेला वाचता येत नव्हतं. खरी अंमलबजावणी आजीनं केली. तिनं हापशाशेजारी एक दगड लोटून घेतला आणि काठी घेऊन पहाटेपासून तिथं बसायला लागली.

एकदा वरल्या आळीतली एक बाई आली, अंतर ठेवून उभी राहिली आणि आमच्यातल्या एका पोरीला म्हणाली, “ये पोरी, दांडा मार अन् वत माझ्या घागरीत, म्या लावीत न्हाई हात.” पोरगी दांड्याकडे निघालीसुद्धा. आजीनं काठी आडवी घातली. म्हणाली, “बाई, दांडा लोखंडाचा हाय. त्येला कुनाचंच काय लागत न्हाई. मार तूच.” बाई रिकामी घागर घेऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आली आणि गुपचूप दांडा मारायला लागली. आजीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. उलट म्हणाली, “हळू मार, वायसर जाईल.”

वायसर जायचंच. ते सुरुवातीचे हापसे बिडाचे, एका घरापुरते बनवलेले. तीनशे घागरींचा मार त्यांना सोसत नव्हता. बाबा सायकलवर नगरला जाऊन चामड्याचं वायसर आणायचे. एकदा दांडाच मोडला तेव्हा गाव चार दिवस तहानलं. सोलापूरच्या कारखान्यात एका स्वीडिश कारागिरानं या दुखण्यावर इलाज काढला होता, पोलादी बांधणीचा आणि दांड्याला साखळी जोडलेला पंप. पुढं युनिसेफनं तोच पाया धरून इंडिया मार्क टू नावाचा हापसा तयार करवला, आणि तो देशभर, नंतर आफ्रिकेतसुद्धा, लाखोंनी बसला. आज कुठल्याही खेड्यात जो हापसा दिसतो त्याचं मूळ सोलापूर-जालन्याच्या मिशनांच्या वर्कशॉपमध्ये आहे. चर्चच्या कामाचा हिशेब करणारे बाप्तिस्मे मोजतात, हापसे कुणी मोजत नाही. आमचाही नवा हापसा काही वर्षांनी आला. पण हे विषयांतर झालं.

मार्चात धान्य आलं. नगरहून ‘कासा’चा ट्रक. देशातल्या प्रॉटेस्टंट चर्चांची ही मदत-संस्था, फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली सुरू झालेली. गहू, दुधाची पावडर, तेलाचे डबे. पोत्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र. रिकाम्या कापडी पिशव्यांच्या पुढं पोरांच्या चड्ड्या झाल्या, आणि अर्ध्या गावाच्या ढुंगणावर ते दोन हात हस्तांदोलन करीत हिंडत होते. पोती चर्चात रचली. रविवारी आम्ही पोत्यांना टेकून गाणी म्हटली.

धान्य फुकट वाटायचं ते म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या विधवा यांना. बाकीच्यांनी काम करून घ्यायचं: तीन विहिरींचं खोलीकरण आणि ओढ्यावर एक बांध. यादी बाबांनी करायची. माझ्या माहितीतलं त्यांचं सगळ्यात वाईट काम तेच. रात्री कंदील घेऊन वहीत नावं लिहायचे, खोडायचे. आई म्हणायची, झोपा आता. ते म्हणायचे, “उद्या कुणाच्या तोंडाकडं बघायचं ते आज ठरतंय.”

पहिलं भांडण मंडळीतच. उपासनेनंतर थोरले चुलते उभे राहिले. “मास्तर, धान्य कुणाच्या नावानं आलं? मंडळीच्या. मग तेवीस घरांत का न्हाई वाटत? गावानं आपल्याला कधी काय वाटलं?” बरोबरच होतं ते. बाबांनी नगरहून आलेला कागद वाचून दाखवला, जात-धर्म न पाहता गरजेप्रमाणे द्यावं असा. चुलते म्हणाले, कागद नगरला ऱ्हातो, आपन हितं. शेवटी यादी झाली तीत आमची घरं होती, पण सगळी नाही. आमचं स्वतःचं नव्हतं. बाबांना पगार होता.

आणि तरीही घाण व्हायची ती झालीच. एक दिवस मोजदादीत दोन पोती कमी भरली. आमच्याच एका नातलगानं ती बाजारात विकली होती. बाबांनी पोलीस केले नाहीत, याबद्दल त्यांना दोन्हीकडून बोल लागले. त्यांनी पुढच्या रविवारी मंडळीसमोर सांगितलं की किल्ली माझ्याकडे होती, चूक माझी आहे, आणि दोन महिन्यांच्या पगारातून गहू विकत घेऊन भरती केली. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात काय शिजलं ते आईला विचारायला हवं होतं. तिनं हे प्रकरण बाबांना कधीच माफ केलं नाही.

धान्य वाटायचा दिवस शनिवार. बाबांचा एक नियम होता: रविवारी धान्य नाही, आणि धान्याच्या दिवशी प्रार्थना नाही. मे महिन्यात बाहेरगावचे एक उपदेशक जीप घेऊन आले. बरोबर पत्रकांचा गठ्ठा आणि भोंगा. समोर दोनशे माणसांची रांग बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. म्हणाले, “मास्तर, पीक कापणीला आलंय. मला फक्त दहा मिनिटं द्या.” बाबा म्हणाले, “उद्या सकाळी उपासनेला बोला. पाहिजे तेवढं बोला.” ते म्हणाले, उद्या ही माणसं येणार नाहीत. बाबा म्हणाले, “म्हणूनच आज नको. चर्चात आलेला माणूस कंटाळला तर उठून जातो. रांगेतल्याला उठून जाता येत नाही.” उपदेशक रागावून निघून गेले. वर कळवतो म्हणाले. कळवलंही असावं, कारण नंतर बाबांना एक पत्र आलं, ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

हे बाबांच्या बाजूचं झालं. आता आजीचं.

वरल्या आळीत एक शेतकरी होता, दोन एकरवाला. नाव लिहीत नाही, नातवंडं गावात आहेत. तो आणि बाबा एका वर्गात शिकलेले. पूर्वी गावात मिशनची शाळा होती, तिच्यात. दोन एकर जमीन नावावर म्हणून फुकट धान्याच्या यादीत तो बसत नव्हता. बैल एक मेला होता, एक विकला होता. म्हातारी आई अंथरुणाला, चार लेकरं. गावासमोर खडीवर जायला त्याला जड जात होतं, त्यामुळे तो गेलाच नव्हता, आणि घरात काय चाललंय ते कुणाला कळूही देत नव्हता. एका रात्री, जेवणं झाल्यावर, तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, “सलाम, मास्तर.”

आमच्यात सलाम म्हणतात. गावात रामराम. त्यानं उभ्या जन्मात बाबांना सलाम केला नव्हता. बाबा ताटावरून हात धुऊन उठत होते, ते तसेच थांबले.

“बस,” बाबा म्हणाले.

तो बसला नाही. म्हणाला, “मला तुमच्यात घ्या. मला, बायकूला, पोरान्ला. काय पानी घालायचं त्ये घाला डोक्यावर.”

बाबांनी विचारलं, का? तो बोलेना. मग बाबांनीच सांगितलं, यादी बघ, निम्मी नावं तुमच्या आळीतली आहेत, धान्यासाठी आमच्यात यायची गरज नाही. तो म्हणाला, “त्ये ऐकलंय म्या. पन लोक म्हनत्यात, आतली यादी येगळी असती.”

“आतली यादी नाही,” बाबा म्हणाले. “उद्यापासून विहिरीच्या कामावर ये. पहाटे ये, कोण बघत नाही. तुझं नाव मी लिहितो. आणि बाप्तिस्म्याचं म्हणशील, तर पाऊस पडल्यावर ये. पोटभर जेवून ये. तेव्हाही तुला वाटलं, तर मी स्वतः पाळकसाहेबांकडं घेऊन जाईन.”

आईनं आतून पायलीभर गहू फडक्यात बांधून आणला. त्यानं तो घेतला, मान खाली घालून, आणि काहीही न बोलता गेला. ना सलाम, ना रामराम.

मला वाटलं, बाबांनी फार मोठं काम केलं. तेव्हा आजी कोपऱ्यातल्या अंथरुणावरून बोलली. आवाज चढलेला नव्हता, पण तसा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“कुनी सांगितलं रं तुला थांबव म्हून?”

बाबा म्हणाले, “आई, तो भुकेपायी आला होता.”

“मग? माझी आई कशापायी आली व्हती?”

मग तिनं सांगितलं. तुकड्यातुकड्यानं पूर्वी ऐकलेलं होतं, सलग त्या रात्री. १९०० सालचा दुष्काळ. ती तीन-चार वर्षांची. बालाघाटाच्या अंगाकडून तिची आई तिला पाठीशी बांधून नगरकडे चालत निघाली. बाप वाटेत गेला, एक भाऊ वाटेत गेला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम, तिथं रॉबर्ट ह्यूमसाहेबांनी दुष्काळाची कामं काढली होती, पोरक्या पोरांना ठेवून घेत होते. तिथं खायला मका मिळायचा. आजी त्याला ‘आगबोटीचा मका’ म्हणायची. मला ती कल्पित गोष्ट वाटायची, मोठेपणी वाचनात आलं की ती खरी आहे. त्या साली न्यू यॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकानं वर्गणी जमवली आणि ‘क्विटो’ नावाच्या बोटीतून मका मुंबईला पाठवला. ह्यूमसाहेबांना त्या कामाबद्दल सरकारनं कैसर-ए-हिंद पदकही दिलं.

“माझ्या आईनं त्यो मका खाल्ला,” आजी म्हणाली, “आन् म्हैन्यानं बाप्तिस्मा घेतला. तिला काय ठावं व्हतं येशू कोन आन् काय? तिला हातातला वाडगा ठावं व्हता. कुनी तिला म्हनलं न्हाई, पाऊस पडल्यावर ये. तिनं पाऊस बघितलाच न्हाई. मेली ती. पन पोटात अन्न घेऊन मेली, आन् मला त्येंच्या पदरात टाकून मेली. तिचा बाप्तिस्मा खोटा म्हन की. मग मी खोटी, तू खोटा, तुझी मास्तरकी खोटी.”

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खोटा नाही म्हणत मी. पण तेव्हा कुणी थांबवलं असतं आणि मका तरी दिला असता, तर आज माझ्या पोराला शाळेत कुणी दुष्काळी म्हटलं नसतं.”

आजी म्हणाली, “म्हंजी लोकांच्या तोंडापायी तू त्येला माघारी लावलास.”

याला बाबांकडे उत्तर नव्हतं. कंदील मालवला. मला झोप लागली नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि अजूनही माझी तीच अडचण आहे. उपकाराच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला वाकलेला असताना काही विचारू नये, हे बाबांचं. आणि भुकेनं आणलेल्या माणसाला दार लावायचा तुला अधिकार कुणी दिला, हे आजीचं. चर्चच्या मोठ्या सभांमधून या विषयावर मी पुढे विद्वानांची भाषणं ऐकली, पण आमच्या घरात त्या रात्री झालं त्याच्या पलीकडे फारसं कुणी गेलेलं ऐकलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर आला. डोक्याला फडकं गुंडाळून, तोंड झाकून. सुरुंगाचे दगड उचलायचा. पंधरा दिवसांत फडकं निघालं. विहिरीला पाणी काही लागलं नाही, त्या साली. पण १९७३ च्या पावसाळ्यात पाऊस आला, आणि ओढ्यावरच्या बांधामागं पाणी तटलं, तेव्हा ती विहीर भरली.

पाऊस पडल्यावर तो आला नाही. बाबा वाट पाहत होते असं मला वाटतं, कारण त्या साली सुगीपर्यंत ते रविवारी उपासनेला सुरुवात करण्याआधी दाराकडे बघायचे. तो आमच्या वाटेनं जायचंच टाळायला लागला. समोरून बाबा दिसले की बांधावरून आडवा व्हायचा. एका वर्गातली दोन माणसं, जवळजवळ वीस वर्षं बोलली नाहीत, आणि भांडण कसलंच नव्हतं. १९७८ मध्ये आजी गेली तेव्हा मात्र तो आला. लांब, कवठीखाली उभा राहिला. सगळे गेल्यावर येऊन मूठभर माती टाकून गेला, असं थडगं खणणाऱ्यांनी सांगितलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र उलटताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे नुसती भांडी हलली. दुपारपर्यंत रेडिओवर कळलं की लातूर-उस्मानाबादकडे गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. बाबा तेव्हा निवृत्त, अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी तो रुळाचा तुकडा वाजवला, भर दुपारी, रविवार नसताना. लोक जमले. नगरच्या मंडळ्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी रात्री निघणार होता. बाबा म्हणाले, भाकरी द्या, टिकतील अशा, कडक. आणि चटणी. जुने कपडे देऊ नका.

जुने कपडे का नको, तेव्हा कुणाला कळलं नाही. मी ट्रकबरोबर गेलो. तिथं पाऊस चालू होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात कुजत पडले होते. माणसं त्यांच्याकडे बघतही नव्हती. एक म्हातारा आमच्याकडून भाकरी घेताना फोटो काढणारे आले, तसं त्यानं तोंड फिरवलं आणि डोक्याचं फडकं खाली ओढलं. मला विहिरीवरचं फडकं आठवलं.

पण हे दुसऱ्या दिवसाचं. ट्रक निघण्यापूर्वी, संध्याकाळी, आम्ही लिंबाखाली भाकरींची गाठोडी मोजत होतो. बाबा जुन्या सवयीनं वहीत लिहीत होते: कुणाच्या घरच्या किती. वरल्या आळीकडून एक म्हातारा आला, डोक्यावर टोपलं, पाठीमागं सून, तिच्याही डोक्यावर टोपलं. त्यानं टोपलं उतरवलं. दोन्ही मिळून साठ भाकरी होत्या, बाजरीच्या, आणि एका डब्यात तिळाची चटणी.

“रामराम, मास्तर,” तो म्हणाला.

“रामराम,” बाबा म्हणाले. बाबा कुणालाच रामराम म्हणत नसत.

“ल्ह्या,” तो म्हणाला. “साठ.”

बाबांनी वहीत त्याचं नाव लिहिलं. मग त्यांनी त्याला आजीच्या दगडावर बसायला सांगितलं. तो बसला. सून हापशावर पाणी प्यायला गेली, आणि तो तिला म्हणाला, हळू मार.